ज्येष्ठमध आणि काळी पाच

हे मी फार वर्षं टाळलं. सांगायची वेळ आली की दुसरं काही बोलायचो, नाहीतर उठून पेटीवरची धूळ पुसायला लागायचो. आज माझं वय शहात्तर आहे. ज्या एका माणसाला हे सांगायला हवं होतं ते माणूस दोन वर्षांपूर्वी गेलं. आता लिहून कुणाचं काय भलं होणार ते मला ठाऊक नाही. पण आमच्या गावात अजूनही म्हणतात, मास्तरांच्या बायकोचा गळा गेला, नशीब तिचं. ते खोटं आहे. खरं काय झालं ते लिहून ठेवतो.

घसा बसला की लोक अजून आमच्याकडे येतात. कुणाच्या मुलीची गाण्याची स्पर्धा असते, कुणी भजनाला जाऊन आलेला असतो. माझ्याकडे वडिलांच्या वेळचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात ज्येष्ठमध, कंकोळ, वेखंड, खडीसाखर असते. वडील भजनी बुवा होते, गळ्याचे उपाय मला त्यांच्याकडून आले. मी लोकांना ते देतो, कसं घ्यायचं ते सांगतो. देताना एकच गोष्ट सांगत नाही. हा डबा मी एकदा कशासाठी वापरला, ती.

आमचं गाव मालवण आणि देवगडच्या मधे, खाडीच्या अलीकडे. मी जामसंड्याला एका शाळेत लेखनिक होतो. निवृत्त झालो आणि त्याच वर्षी वाडीतल्या बायकांनी भजनी मंडळ काढलं. माझी बायको त्यात बुवा. मुख्य गाणारी बाई असली तरी आमच्याकडे तिला बुवाच म्हणतात. तोवर ती घरात गायची. भात कांडताना, मासे साफ करताना, गोठ्यात. मी नोकरीतून येईपर्यंत तिचं बहुतेक गाणं संपलेलं असायचं, म्हणून लग्नानंतर पस्तीस वर्षांनी मी पहिल्यांदा ते नीट ऐकलं. हे सांगतानाही लाज वाटते.

बुवा सहसा पेटी स्वतःच वाजवतो. तिला पेटी येत नव्हती, म्हणून पेटीवर मी बसायचो आणि तेव्हापासून गाव मला मास्तर म्हणायला लागलं. पखवाजाला माझा शाळेपासूनचा मित्र. बाकी साऱ्या बायका, टाळ-झांजा घेऊन मागे. सहा-सात वर्षांत मंडळाचं नाव झालं. डबलबारीची आमंत्रणं यायला लागली. डबलबारी म्हणजे दोन मंडळं समोरासमोर बसून आळीपाळीने भजन करतात. निकाल कुणी लावत नाही, पण मंडपातून उठताना प्रत्येक माणसाने तो लावलेला असतो.

आमचं नाव झालं ते पट्टीमुळे, म्हणजे पेटीच्या ज्या सुराला सा धरून गायचं त्या सुरामुळे. आजूबाजूची महिला मंडळं काळी चारात गायची, काही त्याच्याही खाली. आमचं मंडळ त्याच्या वर, काळी पाचात गायचं. ती पट्टी मी धरली होती. तिच्या गळ्याला ती झेपते हे पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं आणि मग मी ती कधी खाली आणली नाही. तिठ्यावरच्या टपरीवर माणसं म्हणायची, "मास्तर, तुमची पट्टी म्हणजे पट्टी!" गाणं तिचं होतं. पट्टी मात्र माझी आहे, असं मला वाटायला लागलं.

सात वर्षांपूर्वी नवरात्र संपता संपता तिला ताप आला. ताप चार दिवसांत गेला, आवाज परत आला नाही. बोलली की शेवटचा शब्द हवेत विरायचा. मी डबा काढला. सकाळी हळद-मिठाच्या गुळण्या. मग ज्येष्ठमधाची काडी दाढेत धरून चघळायची. दहा वाजता पातळ पेज, कोमट, वर तूप. दुपारी चुलीत भाजलेलं आलं गुळाबरोबर. संध्याकाळी विड्याच्या पानात ओवा आणि खडीसाखर. आंबट पूर्ण बंद. सोलकढी नाही, लोणचं नाही, माशाच्या आमटीत कोकमाची सोलं नाहीत.

पहिल्या दिवशी ती ताट पुढे ओढून म्हणाली, "सोलाशिवाय बांगडो खावचो त्यापेक्षा गाणा सोडलेला बरा!"

बसलेल्या घशाने बोलली तरी आम्ही दोघंही हसलो होतो.

आमच्या शेजारच्या ख्रिश्चन वाडीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांचं माहेर गोव्याचं. चर्चमधल्या गाणाऱ्यांना त्या शिकवतात, सगळं गाव त्यांना टीचर म्हणतं. त्या मधाची बाटली घेऊन आल्या. हिला तोंड उघडायला लावून आत बघितलं आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"गो बाय, गळो म्हणजे काय बावयेचो रहाट? ओढलो की पाणी? दोन-तीन आठवडे तोंड बंद ठेव. आणि मगे गाशीत तेव्हा पट्टी खाली घे."

"आमच्या मंडळाची पट्टी काळी पाच, टीचर," मी मधेच बोललो.

"आमी चर्चीत घेतंव खाली. कोणाची सर्दी झाली, कोण म्हातारी झाली, घेतंव. देव काय पट्टी मोजूक बसलो आसा?"

ही हसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आयकल्यात?"

मी म्हटलं, बघूया.

कुडाळला घशाच्या डॉक्टरांकडेही गेलो. त्यांनी नळी घालून पाहिलं. स्वरयंत्राला सूज आहे, दुसरं काही नाही, तीन आठवडे मौन पाळा, म्हणाले. डबलबारी दहा दिवसांवर होती. समोर वैभववाडीकडचं मंडळ. आमंत्रण घेऊन झालं होतं, आजूबाजूच्या गावांत फलक लागले होते, मोबाइलवर सगळीकडे फिरले होते. घरी आल्यावर तिने विचार केला आणि तिचा निर्णय सांगितला. दहा दिवस ती अजिबात गाणार नाही, बोलणारही नाही. बारीला बसेल, पण पांढरी पाचात. म्हणजे काळी पाचाच्या खाली तीन सूर.

"पांढरी पाचात जमला तर माझो गळो आसा म्हणायचा," ती कुजबुजत म्हणाली. "त्यात पण नाय जमला तर मगे मी समजतलंय."

मी कबूल केलं. बाकीच्या बायकांना सांगायचं नाही असं ठरलं, उगाच बिचकतील. फक्त पखवाजवाल्याला सांगणं भाग होतं. पखवाजाची शाईची बाजू बुवाच्या षड्जाला लावावी लागते.

ते दहा दिवस तिने दिलेला शब्द पाळला. पाटीवर खडूने लिहून बोलायची. मीठ संपला. गॅसवाल्याक सांगा. मी पाचही वेळा उपाय करून द्यायचो आणि ती निमूट घ्यायची. मला खरंच वाटत होतं की मी तिची सेवा करतोय.

बारीच्या तीन दिवस आधी मी बाजारात गेलो होतो. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात समोरच्या मंडळाचा पेटीमास्तर चहा पीत बसलेला. कुठल्यातरी नातेवाईकाकडे आला होता. मला बघून त्याने खुर्ची सरकवली.

"काय मास्तर, आयकलंय ता खरा काय? तुमच्या बुवांचो गळो बसलो?"

"बरो आसा आता."

"म्हणजे यंदा पट्टी उतरतली म्हणायची!" तो टेबलावरच्या बाकीच्यांकडे बघून म्हणाला. "उतरवा, उतरवा. आमका पण वायच बरा वाटांदे."

त्यात वाईट काही नव्हतं, चेष्टाच होती. मी म्हणालो, "आमच्या पेटयेक पट्टी उतरवक येणाच नाय."

आठ-दहा माणसं मोठ्याने हसली. हॉटेलवाल्याने माझ्या चहाचे पैसे घेतले नाहीत. एवढंच झालं. घरी येताना रिक्षात बसल्या बसल्या मी ठरवलं, पट्टी उतरवायची नाही.

मी स्वतःला जी कारणं दिली ती सगळी इथे लिहितो, कारण त्यांत एखादं तरी चांगलं असेल असं मला अनेक वर्षं वाटत होतं. एक, दहा दिवसांच्या मौनाने आणि काढ्यांनी तिचा घसा सुधारला होता. दोन, तिच्या मनात भीती बसली होती आणि भीती घालवायची तर तिला न सांगता गाऊन घ्यायला हवं होतं. तीन, बारी झाल्यावर मी सांगणार होतो, 'गो, तू आज काळी पाचातच गायलंस!' आणि तिचा चेहरा कसा उजळेल ते मला दिसत होतं. अशी तीन कारणं. हॉटेलातल्या हसण्याचं कारण मी त्यांत धरलं नव्हतं.

कार्तिकातली दुपार होती. देवळाच्या सभामंडपात तीन वाजता बारी सुरू व्हायची होती. माणसं पायऱ्यांपर्यंत बसली होती. आमची पेटी स्केल चेंजरची. तिच्यात पट्ट्यांचा सगळा संच उचलून बाजूला सरकवता येतो. त्यामुळे वाजवणाऱ्याची बोटं तिथेच राहतात आणि सूर तेवढा खाली-वर होतो. शेजारी बसलेल्याला बोटं बघून काही कळत नाही. मी संच उचलला. ती बघत होती. मी तो जरासा हलवला आणि परत होता त्याच, काळी पाचाच्या खाचेत बसवला.

"पांढरी पाच?" तिने विचारलं.

"होय."

पखवाजवाल्याने घरून पखवाज उतरवून आणला होता. मी षड्ज धरला. त्याने थाप मारली, कान लावला, परत मारली. मग माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटून उघडले, गप्प रहा असं. त्याने हातोडी घेतली आणि खाली मान घालून पखवाज वर चढवायला लागला. मंडपात तो नेहमीच ठोकाठोक करायचा, कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

लोक विचारतील, गाणाऱ्या बाईला कळलं कसं नाही? पट्टीचं नाव तिला आयुष्यभर माझ्याकडूनच कळत आलं होतं. दहा दिवस ती गायली नव्हती, आणि सुजलेल्या गळ्याला कुठलीही पट्टी चढीच लागते. मुख्य म्हणजे मी होय म्हटलं होतं.

नमन झालं. पहिला अभंग झाला. आवाज जाडसर होता पण लागत होता. तिच्या मानेच्या शिरा मला दिसत होत्या. मी भाता मारता मारता मनात म्हणत होतो, लागू पडलं, ज्येष्ठमध लागू पडलं. समोरचा पेटीमास्तर मान डोलवत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो. तिच्याकडे बघायला हवं होतं.

गजर सुरू झाला. लय चढली. वरच्या षड्जावर ती गेली आणि तिथे आवाजच आला नाही. चिरकला नाही, फाटला नाही. तोंड उघडं, हात वर, आणि आवाज नाही. मागच्या बायकांनी गजर उचलून धरला. ती परत वर गेली. परत तेच. तिसऱ्यांदा तिने प्रयत्न केला नाही. हातातली झांज तिने पायाशी ठेवली, आवाज होऊ नये म्हणून एकावर एक न ठेवता वेगवेगळी, आणि मंडपभर माणसांसमोर शेवटपर्यंत मांडी घालून बसून राहिली.

कुणी हसलं नाही. समोरची बुवा उठून आली आणि हिचा हात धरून म्हणाली, "ताई, गळ्यान दगो दिल्यान, तुमचो काय दोष?"

परत येताना गाडीत ती माझ्या शेजारी बसली. तिने माझ्या कानाशी तोंड आणलं. घशातून नुसती हवा येत होती.

"पांढरीच पाच होती ना ओ?"

गाडी खाडीच्या पुलावर होती. समोरून उन्हं येत होती आणि सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले होते. तेव्हा एक शब्द पुरला असता. नाही. बस, तेवढा एक शब्द.

मी म्हणालो, "होय गो, पांढरीच पाच."

"मगे संपला," ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

पहिलं खोटं मी तिने गावं म्हणून बोललो, असं अजून तरी म्हणता येईल. हे दुसरं मी माझ्यासाठी बोललो.

मग मी उपाय दुप्पट केले. आठवणीत होतं नव्हतं ते सगळं केलं. अडुळशाचा काढा, वेखंड मधात उगाळून, कंकोळ, मिरी तुपात, गरम पाण्याची वाफ, कुळथाचं कढण. टपरीवर, बाजारात कुणी काही सांगितलं की घेऊन यायचो. ती सगळं घ्यायची. त्या काळात एकदाही नको म्हणाली नाही. आंबटाला शिवली नाही. बांगड्याची आमटी सोलांशिवाय करायची आणि त्यावर काही बोलायची नाही.

तीन महिन्यांनी परत कुडाळला गेलो. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "छान. सूज पूर्ण उतरली आहे. आता हळूहळू गायला हरकत नाही."

ती दवाखान्यातल्या तिच्या शुद्ध मराठीत म्हणाली, "डॉक्टर, आवाज जमत नाही. आधी मी काळी पाचात गात होते. त्या दिवशी पांढरी पाचात, इतक्या खाली, तरी आवाज आला नाही."

डॉक्टरांना पट्टीतलं काही कळत नव्हतं. ते म्हणाले, "मनातली भीती काढा. गळा तुमचा चांगला आहे."

मी शेजारच्या स्टुलावर बसलो होतो. गळा चांगला आहे हे त्या खोलीत मला डॉक्टरांच्या खालोखाल ठाऊक होतं, आणि तिला ते का पटत नाही हे फक्त मला ठाऊक होतं. मी तिची पिशवी उचलली आणि औषधाची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "डॉक्टरांका सूज दिसता. सूर खंय दिसता?"

टीचर पुन्हा आल्या. "गो, खाली घे म्हणान सांगलेला मी. घेतलंस काय नाय?"

"घेतला होता, टीचर. खाली घेवन पण गेलो गळो."

टीचर माझ्याकडे वळल्या. "किती खाली घेतलात?"

"तीन सूर," मी म्हणालो.

त्यांना ते पटलं नाही. चेहऱ्यावर दिसलं. त्या निघून गेल्या आणि त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

पखवाजवाला मात्र बोलला. त्याच्या काजूच्या बागेत मला गाठलं आणि वाट अडवून उभा राहिला.

"मास्तर, सांगून टाक तिका."

"सांगतंय."

"कधी? काल ती माका म्हणता, भाऊजी, माझ्या गळ्यात आता काय रवला नाय. मी काय बोलू? माझ्या हातात हातोडी होती रे मेल्या! मी चढवलंय पखवाज!"

"सांगतंय म्हटलंय ना."

"तू नाय सांगलंस तर मी सांगतंय."

"आमच्या घरातला तुका काय पडला हा?" मी ओरडलो.

 तो बाजूला झाला आणि मला वाट दिली. त्याने तिला सांगितलं नाही. नवरा-बायकोच्या मधे पडायचं नाही असं त्याला वाटलं असेल. आमच्याकडे यायचा बंद झाला. ती विचारायची, भाऊजी येत कित्याक नाय? मी सांगायचो, गुडघे दुखतात त्याचे.

मंडळात दुसरी बाई बुवा झाली. पेटीवर मी वर्षभर बसलो, मग सोडलं. ती घरात गुणगुणतही नसे. भात कांडताना नाही, गोठ्यात नाही. आमची मुलगी बाळंतपणाला आली, नातीचं बारसं झालं. वाडीतल्या बायका पाळण्याभोवती जमल्या आणि हिच्याकडे बघू लागल्या. पाळणा म्हणायचा मान हिचा. हिने दोरी शेजारणीच्या हातात दिली आणि म्हणाली, "म्हणा गो तुमी. माका आत खीर बघूची आसा." खीर केव्हाच झाली होती. मी आत गेलो तेव्हा ती बंद चुलीसमोर डाव घेऊन उभी होती. बाहेर पाळणा चालला होता, सूर जरा उतरलेला होता, आणि ती ओठ घट्ट मिटून ऐकत होती.

त्या रात्री सांगू, त्या गणपतीत सांगू, नात मोठी झाली की सांगू. माझ्याकडे पाच वर्षं होती. रोज सकाळी ज्येष्ठमधाची काडी तिच्या हातात देताना मी सुरुवात करायचो. 'गो, एक सांगूचा होता.' ती विचारायची, काय? मी म्हणायचो, पंपाचा बिल येवचा आसा. किंवा असंच काहीतरी.

एकदा मी वेगळा मार्ग काढला. ती मागच्या अंगणात असताना पडवीत पेटी काढली, यावेळी खरोखरची पांढरी पाच लावली आणि तिच्या आवडीचा अभंग वाजवायला घेतला. वाटलं, ती नकळत गुणगुणेल, तिला तिचा आवाज सापडेल आणि मला काही सांगावंच लागणार नाही. असाच विचार करायचो मी. ती ओल्या हातांनी दारात आली.

"ती पेटी बंद करा ओ. कानाक लागता."

मी बंद केली. त्याच्यानंतर काही दिवसांनी तिने काडीही नको म्हटली. रागाने नाही. "पुरे झाला," म्हणाली. "आता तुमी तरी किती करतलात?"

दोन वर्षांपूर्वी तिचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले, घरी ठेवा, आराम द्या. पावसाळा संपत आला होता. तीन आठवडे ती माजघरातल्या खाटेवर होती. बोलत होती, शुद्धीवर होती, सगळं समजत होतं. मी दिवसभर जवळ बसायचो आणि मनात वाक्य जुळवायचो. ते जुळलंही. एका दुपारी घरात कुणी नव्हतं, मी खुर्ची खाटेजवळ ओढली, तिचा हात हातात घेतला. बोलायला तोंड उघडलं आणि तीच आधी बोलली.

"एक सांगू?"

"सांग."

"माझ्या गळ्यासाठी तुमी किती केल्यात. पाच-पाच वेळा उठून. दुसऱ्या कोणाच्या घोवान केला नसता." थोडा वेळ दम घेऊन ती पुढे म्हणाली, "माझोच गळो करंटो. तुमचा काय एक चुकला नाय."

मी तिचा हात धरून बसलो होतो. पहिल्यांदाच, त्या एका दुपारी, मी सांगणार होतो हे मी शपथेवर सांगतो. पण तिच्या त्या वाक्यानंतर सांगणं म्हणजे तिच्याजवळ शेवटचं जे काही उरलं होतं तेही काढून घेणं, असं मला वाटलं. की हेही आणखी एक कारणच होतं, चौथं? मला आता ओळखता येत नाही.

"घसो सुकलो," ती म्हणाली. "ज्येष्ठमध आसा काय रे डब्यात?"

ती मला कधी 'रे' म्हणत नसे. मी डबा आणायला उठलो. जुनी काडी किडली होती, म्हणून दुसरी शोधून, धुऊन, तासून आणली. येईपर्यंत तिला झोप लागली होती. मी काडी उशाजवळ ठेवली. संध्याकाळी मुलगी आली, माणसं आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. काडी तिथेच होती.

तेराव्याला पखवाजवाला आला. जेवून हात धुताना माझ्या शेजारी उभा राहिला आणि हळूच विचारलं, "सांगलंस?"

मी नाही म्हणून मान हलवली. तो हात न पुसता तसाच निघून गेला.

त्या बारीचा व्हिडिओ कुणीतरी मोबाइलवर काढला होता. तो मंडळाच्या ग्रुपवर आला होता, मी कधी उघडला नव्हता. तिने बघितला होता का, मला माहीत नाही. गेल्या महिन्यात मी तो लावला आणि पेटी शेजारी घेऊन सूर ताडून पाहिला. काळी पाच. सुजलेल्या गळ्याने, तीन आठवड्यांचं मौन अर्धवट मोडून, ती बाई काळी पाचात बावीस मिनिटं गायली आहे. एक सूर हललेला नाही. मग तो वरचा षड्ज येतो, आणि पुढचं मी बघू शकत नाही.

पेटी अजून माजघरात आहे, खाटेच्या जागी. कुणी काढा विचारायला आलं की मी सांगतो. माणूस गेलं की दार लावून तिथे बसतो आणि त्या दुपारी जुळवलेलं वाक्य म्हणतो. मोठं नाही.

गो, आयक. त्या दिवशी मी पट्टी उतरयलीच नाय होती. काळी पाच होती ती. तुझो गळो बरो होतो गो, तुझो गळो कधीच गेलो नाय. माझा चुकला.